थंडीत तोंडली, कढीपत्ता, शेवगा दरवर्षी का बसतात? बेळगाव भागातल्या परसबागेसाठी कारणं आणि उपाय

तुळशीचं लग्न आटपलं की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या परड्यांत एकच तक्रार ऐकू येते. पावसाळाभर मांडव झाकून टाकणारी तोंडली फळ धरायची थांबते. कढीपत्त्याखाली पिवळ्या पानांचा सडा पडतो. अळवाची पानं वीतभर रुंद होती ती तळहाताएवढी येऊ लागतात. शेवगा निम्मा उघडा पडतो. मग थंडी लागली असं धरून पाणी वाढवलं जातं, वर मूठभर युरिया पडतो, रात्री प्लास्टिक पांघरलं जातं. जानेवारीअखेर झाड खरोखर मरतं आणि नाव थंडीचं होतं.

आपल्याकडची थंडी झाड मारण्याइतकी नसते. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा साधारण १३ ते १५ अंशांवर येतो, काही रात्री १० च्या आसपास, आणि दुपारी पुन्हा २८-३० होतात. पानातलं पाणी गोठून पेशी फुटण्याचा प्रकार इथे घडत नाही. त्यामुळे उत्तरेकडचे व्हिडिओ पाहून केलेले पाल्याचे, म्हणजे हिमतुषाराचे, उपाय आपल्या परड्यात निरुपयोगी ठरतात, बरेचदा घातकच. इथे होतं ते एवढंच: उष्ण हवेची झाडं पहाटे पारा १५ च्या खाली गेला की मुळांचं काम मंदावतात, नवी फूट थांबवतात, जुनी पानं टाकतात. झाड मरतं ते या अवस्थेत त्याला पावसाळ्यासारखं पाणी आणि खत दिल्यामुळे.

मेलंय की झोपलंय, हे आधी ठरवा

बोटाएवढ्या जाडीच्या फांदीवर नखानं साल थोडी खरवडा. खाली हिरवा, ओलसर थर दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी, कोरडा दिसला तर तेवढी फांदी गेली. मग हळूहळू खाली बुंध्याकडे खरवडत या. कढीपत्ता आणि शेवगा शेंड्याकडून वाळले तरी बुंधा हिरवा असतो आणि तिथूनच फुटतात.

मग माती बघा. वरून बघून काही कळत नाही, कारण थंडीत वरचा अर्धा इंच पूर्वेच्या वाऱ्यानं लगेच पांढरा पडतो. खुरप्यानं बुंध्यापासून फूटभर अंतरावर चार-पाच इंच खाली उकरा आणि तिथली माती मुठीत दाबा. लाडू वळला आणि बोटं ओली झाली तर पाणी नको. लाडू वळून बोटानं टिचकी मारल्यावर फुटला तर ठीक. वळलाच नाही तर पाणी द्या.

पानं कुठून पिवळी पडतात, यावरून बाकीचं कळतं:

- खालची जुनी पानं पिवळी, माती ओली, झाड दुपारी माना टाकतं आणि सकाळीही सावरत नाही: मुळं गुदमरली आहेत.
- खालची पानं पिवळी होऊन सहज गळतात, पण उरलेली टवटवीत आणि माती बेताची ओली: नैसर्गिक पानगळ. काहीही करू नका.
- शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या: लोहाची कमतरता. काळ्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे हमखास.
- पानांच्या कडा करपलेल्या, तेही पूर्वेकडच्या बाजूला जास्त: वारा.
- पानं चिकट, खाली काळा थर, खोडावर मुंग्यांची रांग: पिठ्या ढेकूण, मावा किंवा खवले कीड.

पाणी: दहापैकी सात-आठ झाडं इथेच जातात

झाडाची पानं कमी झाली, दिवस लहान झाला, मुळं मंद झाली. आळ्यात बादली मात्र तीच पडते. पावसाळ्याआधी जे पाणी तीन-चार दिवसांत संपायचं, ते आता दहा दिवस आळ्यात बसून राहतं. मातीतल्या पोकळ्यांत हवेऐवजी पाणी भरलं की मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि कुजवणारी बुरशी सुरू होते. मुळं कुजली की झाड पाणी ओढू शकत नाही, म्हणून माना टाकतं. पाहणाऱ्याला वाटतं तहान लागली. आणखी एक बादली पडते.

खात्री करायची तर बुंध्यापासून दीड फुटावर सहा इंच खोल उकरून काडीएवढं एक मूळ बाहेर काढा. चांगलं मूळ पांढरट आणि कडक असतं. कुजलेलं तपकिरी असतं, आणि त्याची साल चिमटीत धरून ओढली तर पायातून मोजा निघावा तशी सरकन निघून येते. हातात आतला दोरा तेवढा राहतो. वास आंबूस येतो.

जमिनीप्रमाणे पाण्याचं माप बदलतं आणि बेळगावात तर एका गल्लीपासून दुसऱ्या गल्लीत बदलतं. टिळकवाडी, हिंडलगा, पुढे खानापूरकडे लाल, जांभ्याची माती. पाणी खाली निघून जातं. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरकडे काळी चिकट. पूर्वेला बैलहोंगल, उत्तरेला चिकोडी, अथणीकडे तर आणखी भारी. जमिनीत लावलेल्या चार-पाच फुटी कढीपत्त्याला डिसेंबरात लाल मातीत पाच-सहा दिवसांनी ५ ते ७ लिटर पुरतं. काळ्या मातीत तेवढंच पाणी बारा-पंधरा दिवसांनी द्या, आणि तेही मुठीची परीक्षा घेऊन. तीन वर्षांवरच्या, जमिनीत रुजलेल्या शेवग्याला काळ्या मातीत थंडीभर पाणी दिलं नाही तरी चालतं.

वेळ सकाळी दहा-साडेदहानंतरची ठेवा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी पहाटे मातीपेक्षा थंड असतं. नळ सुटला म्हणून सहाला पाईप लावणं ही सवय थंडीपुरती सोडावी लागते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी सकाळी तुलनेनं कोमट असतं, ते चालतं. संध्याकाळी पाणी देऊ नका, रात्रभर बुंधा ओला राहतो.

मुळं कुजायला लागली असतील तर असं करा. आळ्याचा बांध मोडा, आच्छादन बाजूला ओढा, आठ-दहा दिवस पाणी बंद. बुंध्यापासून दीड फुटावर पहारीनं गोलाकार पाच-सहा भोकं पाडा, आठ-दहा इंच खोल, आणि त्यांत जाड वाळू भरा. बुंध्याची साल मातीलगत मऊ आणि काळी झाली असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला ३ ग्रॅम मिसळून दोन-तीन लिटर द्रावण बुंध्याभोवती ओता. साल घट्ट असेल तर ताम्रयुक्त औषधाची गरज नाही. ट्रायकोडर्मा, म्हणजे कुजवणाऱ्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, २५ ग्रॅम अडीच किलो मुरलेल्या शेणखतात मिसळून, आठवडाभर सावलीत ओलसर ठेवून, मुळांजवळ पसरा. दोन्ही एकाच वेळी नको. ताम्रामुळे ट्रायकोडर्मा मरतो. मध्ये किमान तीन आठवडे जाऊ द्या.

सावली, जी जूनमध्ये नव्हती

याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. बेळगावात मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून घराच्या उत्तरेकडच्या पट्टीलाही ऊन मिळतं. लावणी बहुतेक जूनमध्ये होते आणि तेव्हा जागा झकास वाटते. २१-२२ डिसेंबरला मात्र भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ५१ अंशांच्या आसपासच चढतो. त्या वेळी १० फूट उंच भिंतीची सावली उत्तरेला ८ फूट पडते. पॅरापेटसकट २४ फूट उंचीचं एकमजली घर असेल तर जवळजवळ २० फूट. तीस बाय चाळीस फुटांच्या प्लॉटवर उत्तरेला चार-पाच फूट मागची जागा सुटते. म्हणजे नोव्हेंबर ते जानेवारी तिथे ऊन पडतच नाही.

अशा जागी थंडी, ओल आणि अंधार तिन्ही एकत्र येतात. तिथलं पाणी वरच्या मापाच्या निम्मं करा. कुंड्या असतील तर दक्षिणेला किंवा गच्चीवर न्या. तोंडलीचा वेल असेल तर मुळं सावलीत राहिली तरी चालतात. दोरी बांधून वेल गच्चीच्या कठड्यावर चढवा, पानांना ऊन मिळालं की पुरे. कढीपत्त्याचं मोठं झाड हलवता येत नाही. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीचा वरचा भाग उन्हात येत असेल तर तिला चुना लावा, थोडा उजेड परत येतो. शेवगा अशा जागी लावलाच असेल तर त्याच्याकडून फारशा शेंगांची अपेक्षा ठेवू नका.

झाकायचं की नाही

रुजलेल्या झाडाला झाकू नका. प्लास्टिकखाली रात्री वाफ धरते, पहाटे ती पानांवर गळते, आणि नऊ वाजेपर्यंत कुणी कागद काढला नाही तर आत उकाडा होतो. सकाळी चहा, डबे, शाळा यांत तो कागद दहालाही तसाच असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

आडोसा मात्र उपयोगी. नोव्हेंबरपासून वारा पूर्वेकडून, ईशान्येकडून येतो आणि कोरडा असतो. एका वर्षाच्या आतल्या रोपाला पूर्वेला आणि उत्तरेला बांबूच्या काठ्यांवर बारदान किंवा ५० टक्क्यांचं शेडनेट बांधा. दक्षिण बाजू आणि वरचा भाग मोकळा. कापड रोपापासून फूटभर लांब हवं, नाहीतर वाऱ्यानं शेंडे घासून जातात. उंची रोपाच्या दीडपट. पत्रा किंवा फ्लेक्स लावू नका. वारा अडून वरून गिरकी घेऊन रोपावरच आपटतो. जाळीतून तो मंद होऊन जातो.

आच्छादनात माती बघूनच हात घाला. लाल मातीत दोन-तीन इंच पिंजर, म्हणजे भाताचं काड, किंवा उसाचं पाचट छान काम करतं. बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडायची. लाल मातीत पिंजराला वाळवी लागते, म्हणून खाली १००-१५० ग्रॅम निंबोळी पेंड भुरभुरून घ्या. काळ्या मातीत ओल असतानाच आच्छादन घातलं तर ती ओल महिनाभर सुटत नाही. वरची दोन इंच माती वाळू द्या, खुरप्यानं भुसभुशीत करा, मग पातळ थर घाला. भेगा पडेपर्यंत थांबू नका. भेगांत मुळं तुटतात. सुतारखान्यातला ताजा भुसा कुठेच नको, कुजताना तो मातीतलं नत्र ओढून घेतो.

लाकडाची राख लाल, आम्ल मातीत झाडाला दोन मुठी चालते. काळ्या मातीत ती घालू नका, तिथे आधीच क्षार जास्त. माती कोणती हे नक्की नसेल तर बैलहोंगल तालुक्यातल्या मत्तीकोप्पसारख्या कृषी विज्ञान केंद्रात मातीचा सामू (पीएच) तपासून घ्या.

झाडागणिक

*तोंडली.* थंडीत फळ कमी होणं हा दोष नाही. चूक होते ती छाटणीची: फळ नाही म्हणून डिसेंबरात वेल तासला जातो, कापलेल्या टोकांतून फूट येत नाही आणि ती टोकं वरून खाली कुजत येतात. डिसेंबर-जानेवारीत फक्त वाळलेल्या आणि भुरी, म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, आलेल्या फांद्या काढा. भुरीला पानावर पाणी साचावं लागत नाही, रात्रीचा दमटपणा आणि दिवसाचा कोरडेपणा पुरतो; म्हणून आपल्याकडे ती नोव्हेंबरातल्या एखाद्या ढगाळ आठवड्यानंतर लगेच दिसते. पांढरे ठिपके थोडे असतील तर १०० मिली दूध आणि ९०० मिली पाणी, ऊन असताना, आठवड्यानं दोनदा. जास्त असेल तर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम, दहिवर सुकल्यावर सकाळी. काकडीवर्गीय वेलांना गंधकाचा कधी चटका बसतो, म्हणून आधी चार-पाच पानांवर फवारून दोन दिवस बघा. निंबोळी तेल फवारलं असेल तर गंधकाआधी दोन आठवडे जाऊ द्या. फवारणीआधी तोडणी करून घ्यायची.

*कढीपत्ता.* पहाट १५-१६ च्या खाली राहिली की तो फुटतच नाही. डिसेंबरातली पानगळ ही त्याची रीत आहे. या दिवसांत ओरबाडू नका. फोडणीला लागतो म्हणून रोज शेंडा खुडला जातो, आणि नवी फूट येत नसल्यानं झाड काडी होऊन बसतं. खालच्या बाजूची पिकत आलेली डहाळी देठासकट घ्या. थंडीभरात एकूण पानांच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. आंबट ताक ओतण्याचा उपाय घरोघरी चालतो. पातळ करून तांब्याभर दिलं तर बिघडत नाही, पण ते 'औषध' म्हणून दर दोन दिवसांनी पडतं आणि बुंधा सतत ओला राहतो. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर त्याला ताक नव्हे, लोह हवं: चिलेटेड लोह लिटरला १ ग्रॅम, पानांवर, पंधरा दिवसांच्या अंतरानं दोनदा. त्याआधी माती ओली राहते का ते सुधारा, कारण थंड, ओल्या, चुनखडीच्या मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही.

*शेवगा.* बुंध्याला आळं करू नका. उलट चार इंच मातीची भर देऊन उतार काढा. फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि नेमकं तेव्हा भरपूर पाणी दिलं की फुलं गळतात. पीकेएम-१ सारख्या जातींनाही हे लागू आहे. फांद्या उंच गेल्या म्हणून थंडीत तोडू नका. तो कार्यक्रम शेंगा संपल्यावर, मे-जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाआधी. तोडलेलं टोक तिरपं हवं. सपाट कापावर पाणी साचतं आणि मऊ लाकूड आतून पोकळ होत जातं.

*मायाळू, म्हणजे आपल्याकडे बसळे.* दिवस लहान झाला की तो फुलावर येतो, पानं बारीक होतात, जांभळी फळं धरतात. कितीही खत घाला, पान मोठं होणार नाही. फुलांचे तुरे खुडत राहा, दीड फुटावर वेल आखडा, आणि विम्यापोटी तीन-चार पेरांच्या दोन काड्या कुंडीत लावून उबदार भिंतीशी ठेवा. पिकलेली फळं सांभाळली तर बीही हाताशी राहतं.

*अळू.* न्हाणीच्या पाण्यावरचं अळू थंडीत लहान होतं पण जगतं. साबणाचं पाणी मात्र थंडीत तिथेच साचून राहतं, म्हणून पाट दोन ठिकाणी वळता ठेवा. कोरड्या जागेवरच्या अळवाची पानं वाळली की पाणी तोडा. काळ्या मातीत गड्डे काढून, सावलीत चार दिवस सुकवून, कोरड्या वाळूत ठेवलेले बरे. वळवाचे पाऊस सुरू झाले की पुन्हा लावा. सुरण, कोनफळ, कणगी यांचंही असंच. ती डिसेंबरात जमिनीवर पूर्ण नाहीशी होतात. जागेवर काठी रोवून ठेवा, नाहीतर जानेवारीत मेथी-लाल माठासाठी वाफा खणताना कुदळ थेट कंदावर बसते.

*चौधारी घेवडा.* हा उलटा. लहान दिवसांतच फुलतो, म्हणून थंडीत पाणी चालू ठेवा. फेब्रुवारीनंतर वेल वाळला तरी उपटू नका. खाली कंद असतो, पावसात पुन्हा येतो.

*मिरची आणि वांगी.* मिरचीचं झाड नीट राखलं तर दोन-तीन वर्षं चालतं. पहाट १५ च्या खाली गेली की फुलं गळतात, तेवढ्यावरून औषध मारायला जाऊ नका. पानं वळली असतील तर कशी वळली ते बघा. कडा वर येऊन होडी झाली तर फुलकिडे. कडा खाली वळून पान लांबट झालं तर कोळी कीड. फुलकिड्यांना निंबोळी अर्क, ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून गाळून. सोबत निळा चिकट सापळा. कोळ्याला निंबोळीपेक्षा गंधक चांगलं, वरच्याच मापानं. कोळ्यावर फुलकिड्यांचं औषध मारत राहिलं की कोळी वाढतात, कारण त्यांना खाणारे किडे आधी मरतात. वांग्याची म्हातारी झाडं थंडीत छाटू नका. शेंडेअळीनं मुरडलेली टोकं तेवढी कापून जाळा.

मुंग्या दिसल्या की थांबू नका

पिठ्या ढेकूण कोरड्या थंडीत वाढतो आणि त्याची ने-आण मुंग्या करतात. जास्वंदीवर आधी येतो, तिथून कढीपत्ता आणि मिरचीवर. खोडाभोवती चार बोटं रुंद कापडाची पट्टी घट्ट बांधून तिच्यावर ग्रीस लावा. सालीवर थेट ग्रीस नको. मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं पेरं पुसून घ्या. उरलेल्यांसाठी निंबोळी तेल ५ मिली आणि पातळ साबण २ मिली एका लिटरला, संध्याकाळी, आठ दिवसांनी पुन्हा. आधी साबण थोड्या पाण्यात मिसळून त्यात तेल घोटायचं, मग उरलेलं पाणी. उलट केलं तर तेल वर तरंगतं आणि पंपातून शेवटी निव्वळ तेल येऊन पानं भाजतात.

गच्चीवरच्या कुंड्या

गच्चीचा स्लॅब रात्री लवकर निवतो आणि कुंडीतली माती चारही बाजूंनी गार होते. कुंड्या विटांवर किंवा फळीवर ठेवा, एकमेकींना चिकटून, जिन्याच्या खोलीच्या दक्षिण किंवा पश्चिम भिंतीशी. बारा इंची कुंडीला वरचा इंचभर थर सुकल्यावर एक ते सव्वा लिटर पाणी. खालच्या ताटलीत पाणी उभं राहू देऊ नका. कुंडीचं भोक विटेवर बसून बुजतं, तेही बघा. निम्म्या 'थंडी लागलेल्या' कुंड्यांचं दुखणं तिथेच सापडतं.

खत आणि छाटणी पुन्हा कधी

खताची वेळ दसऱ्याची: झाडाला ५ किलो मुरलेलं शेणखत आणि २५० ग्रॅम निंबोळी पेंड. तुळशीच्या लग्नानंतर युरिया, शेणपाणी, जीवामृत सगळं बंद. थंडीत नत्रानं आलेली फूट लुसलुशीत असते, तिच्यावर मावा आणि भुरी आधी बसतात.

पुन्हा सुरुवात रथसप्तमीच्या सुमारास करतात, पण ती कधी जानेवारीत येते, कधी फेब्रुवारीच्या मध्यावर. तिथीपेक्षा पहाटेचा पारा बघा: सलग आठवडाभर १६-१७ च्या वर राहिला आणि कढीपत्त्याच्या टोकाला तांबूस कोंब दिसला की सुरू करा. आधी एकदा भरपूर पाणी. तीन-चार दिवसांनी ३ किलो शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड. मग तोंडलीची खरी छाटणी: तीन-चार जाड खोडं ठेवून जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर, पेराच्या वर, तिरपा काप. कढीपत्त्याचे वाळलेले शेंडे हिरवा थर लागेपर्यंत खाली कापत या.

कापांवर बोर्डो मलम लावा. प्लास्टिकच्या दोन भांड्यांत अर्धा अर्धा लिटर पाणी घ्या, एकात १०० ग्रॅम मोरचूद, दुसऱ्यात १०० ग्रॅम चुना विरघळवा, आणि ढवळत मोरचुदाचं पाणी चुन्यात ओता. स्वच्छ लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी थोडा घाला. केलेलं मलम त्याच दिवशी संपवायचं.

तोंडलीच्या छाटलेल्या काड्या टाकू नका. फळ देणाऱ्या वेलाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, चार-पाच पेरांच्या काड्या, दोन पेरं मातीत जातील अशा लावल्या तर मार्चअखेर फुटतात. आणि गुढीपाडव्यापर्यंत बुंध्यापासून काहीच फुटलं नाही, खरवडल्यावर हिरवा थर कुठेच नाही, तर झाड उपटून मुळं बघा. मुळं कुजलेली असतील तर त्याच खड्ड्यात लगेच दुसरं रोप नको: माती उन्हाळाभर उघडी तापू द्या, पावसाआधी एक घमेलं जाड वाळू मिसळा, आणि नवं रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंचवट्यावर लावा.